हुपरीत खेळाच्या साहित्याचे दुकान : चांदीचा हिशेब इथे का चालत नाही

(हुपरी येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



चांदीच्या गावात येऊन रबरी चेंडूवर बोलायचं, म्हणजे जरा धाडसच आहे. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही, तुमच्यातल्याच पोरांनी दिला आहे. गेल्या वर्षभरात या भागातली बरीच तरुण मंडळी आमच्या दुकानात येऊन एकच विचारून गेली. "दादा, हुपरीत स्पोर्ट्सचं दुकान चाललं का?" त्यातल्या बहुतेकांच्या घरी पैंजण, जोडवी, करदोडे यांचं काम आहे. 2025 मध्ये चांदीनं किलोला लाखाचा आकडा मागे टाकला. भाव वाढला की लोकांना वाटतं हुपरीची चांदीच चांदी. प्रत्यक्षात कारागिराची मजुरी तेवढी वाढत नाही, पण हातात खेळवायला लागणारं भांडवल मात्र वाढतं. शिवाय यंत्रं आली. मग घरातला धाकटा म्हणतो, मी दुसरं काहीतरी करतो. आणि खेळाचं दुकान त्याला आवडतं, कारण तो स्वतः खेळतो.

आम्ही दोघे भागीदार याच हातकणंगले तालुक्यात एका बाजारगावी खेळाच्या साहित्याचं दुकान चालवतो. एक जण बी.पी.एड. करून नोकरीची वाट बघत बसलेला, दुसरा आधी एका अडत दुकानात वह्या लिहिणारा. आम्ही काही फार मोठे झालो नाही. पण बुडालोही नाही, आणि दोन वेळा बुडता बुडता वाचलो. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट, जी हुपरीच्या माणसाला सांगणं सगळ्यात अवघड जातं. चांदीच्या धंद्यात शिल्लक माल ही संपत्ती असते. पैंजणाचा जोड खपला नाही, फॅशन गेली, तर काय होतं? मजुरी बुडते. बाकी आटणीला टाकला की चांदी परत हातात. त्यामुळे तुमच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या एक समज रुजलेली आहे, की कपाटात माल असणं म्हणजे कपाटात पैसा असणं. खेळाच्या साहित्यात हा समज माणसाला खड्ड्यात घालतो. न खपलेला बूट आटवता येत नाही. टेनिसचा चेंडू डब्यात पडून राहिला तरी हळूहळू त्यातली हवा जाते. पिसांचं शटल कोरडं पडलं की पहिल्याच फटक्यात पीस तुटतं. बुटाचा सोल आणि वरचा भाग चिकटवणारं सोल्युशन दोन-तीन उन्हाळ्यांत सुटायला लागतं. दिसायला बूट नवाकोरा, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी तोंड उघडलेला बूट घेऊन दारात. जर्सीवर ज्या खेळाडूचं नाव छापलंय त्याचा संघ बदलला की ती जर्सी पुसायच्या कामाची.

म्हणून आम्ही दुकान बघायला गेलो की काउंटरकडं बघत नाही, वरच्या फळीकडं बघतो. वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या खोक्यांत मालकाचा नफा असतो.

बुटांचंच उदाहरण घ्या, कारण नवीन दुकानदार सगळ्यात जास्त पैसे तिथंच अडकवतो. समजा तुम्ही फक्त सहा प्रकारचे बूट ठेवले. 5 ते 10 नंबर, म्हणजे सहा मापं. प्रत्येक मापाचे दोन जोड. झाले बहात्तर जोड. सरासरी खरेदी आठशे रुपये धरली तर 57,600 रुपये. पहिल्या महिन्यात 7, 8, 9 नंबर उडतात. तुम्ही खूश. मग गिऱ्हाईक येतं, आठ नंबर मागतं, आणि तुमच्याकडं पाच आणि दहा शिल्लक. याला आम्ही सेट तुटला म्हणतो. सेट तुटलेल्या बुटाचं दुकान भरलेलं दिसतं, पण विकायला काही नसतं. घाऊकवाला सुटे नंबर देत नाही, पुन्हा अख्खा सेट घ्या म्हणतो. घेतला की पाच नंबरचे चार जोड होतात. असं करत करत दोन वर्षांत दुकानात लहान पायांच्या आणि मोठ्या पायांच्या माणसांचेच बूट उरतात. हसू नका, 2022 च्या फुटबॉल विश्वचषकानंतर आम्ही स्टडचे बूट असेच भरले होते. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल आहे, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळले की अर्धं शहर तिथं असतं. आम्हाला वाटलं ते वारं आपल्याकडंही येईल. वारं आलं नाही. आमच्या गावात फुटबॉलचं मैदानच नव्हतं, हे आम्ही माल आल्यावर बघितलं.

त्यावर उपाय साधा आहे आणि मनाला पटायला कठीण आहे. बुटाचे प्रकार दोनच ठेवायचे, मापं पूर्ण ठेवायची. आणि सुटा नंबर देणारा घाऊकवाला शोधायचा, त्यानं जोडामागं तीस-चाळीस रुपये जास्त घेतले तरी चालेल.

आता जरा आकडेमोड करू. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गाळ्याचं भाडं तुम्ही घाला. समजा भांडवल सहा लाख. त्यात गाळ्याचं डिपॉझिट एक लाख, फर्निचर एक लाख, माल साडेतीन लाख, हातात पन्नास हजार. महिन्याचा खर्च : भाडं आठ हजार, एक मदतनीस पोरगा नऊ हजार, वीज दीड हजार, बाकी किरकोळ दीड हजार. वीस हजार झाले. विक्रीच्या शंभर रुपयांत सरासरी पंचवीस रुपये सुटतात असं धरा. तर फक्त खर्च भागवायला महिन्याला ऐंशी हजारांची विक्री पाहिजे. घरी न्यायला वीस हजार पाहिजेत, तर विक्री एक लाख साठ हजार. म्हणजे महिन्याला एक लाख वीस हजारांचा माल, खरेदीच्या भावानं, दुकानातून गेला पाहिजे. तुमच्याकडं आहे साडेतीन लाखांचा. म्हणजे अख्खं दुकान दर तीन महिन्यांना एकदा रिकामं होऊन भरलं पाहिजे. वर्षातून चार वेळा.

हा 'चार'चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एखादी वस्तू चार महिन्यांत हलली नाही तर ती तुमच्या घरात भाडं न देता राहतेय. तिला बाहेर काढा, खरेदीच्या भावात काढा, तो पैसा फिरवा.

कर्ज काढलं तर? मुद्रा योजनेत किरकोळ व्यापारालाही कर्ज मिळतं. शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोरमध्ये पाच लाखांपर्यंत, तरुणमध्ये दहा लाखांपर्यंत. तीन लाख काढले, पाच वर्षं, अकरा टक्के व्याज धरलं, तर हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास बसतो. तो भरायला विक्री आणखी सव्वीस हजारांनी वाढवावी लागते. हप्ता साडेसहा हजार दिसतो म्हणून माणूस फसतो. बघायचं असतं ते सव्वीस हजाराकडं.

आणि सूट. आपल्याकडं ओळखीपाळखीत सगळेच भाऊ, मामा, सर. "जरा कमी करा की." दहा टक्के सोडले म्हणजे काय सोडलं? शंभरच्या वस्तूत पंचवीस सुटत होते, आता पंधरा सुटले. तेवढाच नफा करायला शंभरऐवजी एकशे सदुसष्ट वस्तू विकाव्या लागतील. आम्ही सूट देत नाही असं नाही. पण पैशात देण्याऐवजी वस्तूत देतो. बॅटला ग्रिप बसवून, रॅकेटला गटिंग करून, चेंडूबरोबर हवा भरायची पिन देऊन. पाच-दहा रुपयांची पिन गिऱ्हाइकाला पन्नास रुपयांची वाटते, कारण मैदानावर नेमकी तीच सापडत नसते.

माल कुठून येतो, हे थोडं सांगू, कारण यात हुपरीच्या माणसाला आपलंच चित्र दिसेल. भारतातलं खेळाचं साहित्य मुख्यतः दोन गावांतून येतं : पंजाबातलं जालंधर आणि उत्तर प्रदेशातलं मेरठ. दोन्हीकडची मुळं सियालकोटात. फाळणीपूर्वी सियालकोट हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. 1947 नंतर तिथले कितीतरी कारागीर आणि व्यापारी इकडं आले आणि जालंधर, मेरठला नव्यानं बसले. आज एसजी म्हणून बॅट-चेंडूवर जे नाव दिसतं, ती कंपनी 1931 साली सियालकोटात सुरू झालेली, नंतर मेरठला आली. जालंधरच्या वस्त्यांत बायका घरी बसून फुटबॉल शिवत आल्या, जसं तुमच्याकडं घरोघरी पैंजणाच्या कड्या जोडल्या जातात. काश्मीर विलोच्या बॅटी अनंतनाग जिल्ह्यात, संगम-बिजबेहाराच्या पट्ट्यात बनतात. हे गावठी कारागिरीचंच जग आहे. मजुरी, हातचं काम, मध्यस्थ, उधारी, सगळं तुमच्या ओळखीचं. म्हणून आम्ही म्हणतो, एकदा रेल्वेनं मेरठ किंवा जालंधर करून या. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका. नुसतं बघा. एकाच हातचा चेंडू तीन नावांनी कसा विकला जातो, ते तिथंच कळतं.

आणि इथं तुमच्याकडं एक हत्यार आहे, जे आमच्याकडं नव्हतं. तराजू.

हुपरीत घराघरात बिनचूक काटा आहे. चांदीचा टंच बघितल्याशिवाय तुम्ही व्यवहार करत नाही. तोच न्याय चेंडूला लावा. पुरुषांच्या क्रिकेटचा लेदर चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम भरला पाहिजे, घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. पाच नंबरचा फुटबॉल 410 ते 450 ग्रॅम, घेर 68 ते 70 सेंटिमीटर. व्हॉलीबॉल 260 ते 280 ग्रॅम. एका खोक्यातले सहा चेंडू काट्यावर घाला, दोन तरी बाहेर जातील. ते परत पाठवा, नाहीतर सरावाचे म्हणून वेगळे लावून स्वस्तात विका. खरं सांगून विका. मोठ्या शहरातल्या दुकानात हे कुणी करत नाही. हुपरीच्या दुकानात काउंटरवर काटा ठेवलेला असला आणि सरांच्या समोर चेंडू वजन करून दिला, तर ती गोष्ट तालुक्यातल्या सगळ्या खेळाच्या सरांत आठ दिवसांत पसरेल.

वजनाची गोष्ट गोळाफेकीत तर जिवावरची आहे. आपल्या भागात खेळाच्या दुकानाचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक कोण? क्रिकेटवाला नव्हे. भरतीवाला. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला पन्नास गुण : मुलांना 1600 मीटर धावणं, मुलींना 800 मीटर, दोघांना 100 मीटर आणि गोळाफेक. पहाटे साडेपाचला कुठल्याही रस्त्याला बघा, पोरं-पोरी पळत असतात. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. बाजारात सात किलोच्याही खाली भरणारे लोखंडी गोळे सर्रास मिळतात, वर 7.260 छापलेलं असतं. आमच्याकडनं असाच एक गोळा एका मुलानं नेला. सहा महिने त्यानं त्याच्यावर सराव केला. मैदानात खरा गोळा हातात आला आणि फेक कमी पडली. तो परत आला, गोळा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, हा वजन करून बघा." पावणेसात किलो भरला. आम्ही पैसे परत केले. पण त्याचं वर्ष आम्ही कुठनं परत करणार? ऊसतोडीच्या कमाईतून आईबापानं त्याला अकादमीत ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून आमच्या दुकानात गोळा वजन करून, बिलावर वजन लिहून देतो. घाऊकवाल्यानं छापलेल्या आकड्यावर आम्ही पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही.

भरतीवाल्याला काय लागतं? बूट, गोळा, स्टॉपवॉच, ट्रॅक पँट, नी कॅप, अँकलेट, उड्या मारायची दोरी. यादी छोटी, पण वर्षभर चालणारी. आणि तो फसवा बूट ओळखतो, कारण तो रोज आठ-दहा किलोमीटर पळतो. त्याला महाग नको असतं, टिकाऊ पाहिजे असतं. त्याचा बूट तीन महिने टिकला तर तो आणखी चौघांना घेऊन येतो.

आता गिऱ्हाइकाचा दुसरा प्रकार. यात खेळणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. आपल्या मुलखात हे जुनंच आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवायचं, तर पैसे कुठून आणायचे? राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, लोकांनीही वर्गण्या दिल्या, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचं मैदान उभारलं, तेव्हापासून इथं खेळ हा कुणाच्या ना कुणाच्या आश्रयावर चालतो. आजही तसंच आहे. मंडळाच्या कबड्डी संघाचे किट कुणीतरी पुढारी देतो, शाळेचे चेंडू अनुदानातून येतात, पोराची बॅट मामा घेऊन देतो.

म्हणून विक्री करताना पैसे देणाऱ्याला काय हवं ते ओळखा. मामाला बॅटचा विलो कळत नाही, त्याला पोराच्या चेहऱ्यावर हसू पाहिजे आणि खिशाला झेपलं पाहिजे. तिथं मोठी बॅट गळ्यात मारू नका. मुलांच्या बॅटी 1 ते 6 नंबर, मग हॅरो, मग फुल साइज. बारा वर्षांच्या पोराला "वाढत्या अंगाची" म्हणून फुल साइज दिली की त्याचा खेळ बिघडतो. पुढाऱ्याला संघाच्या छातीवर आपलं नाव नीट छापलेलं पाहिजे, आणि शनिवारच्या आत पाहिजे. जर्सीचं काम घेतलं तर नावांची यादी त्याच्या माणसाकडून सही घेऊन घ्या. 'पाटील' आणि 'पाटिल' यांवरून आमच्याकडं सोळा जर्स्या परत आल्या आहेत.

शाळांना समग्र शिक्षा योजनेतून खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला रक्कम मिळते : प्राथमिकला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार, माध्यमिक-उच्च माध्यमिकला पंचवीस हजारांपर्यंत. पट्टणकोडोली, रेंदाळ, यळगूड, तळंदगे, इंगळी, रांगोळी, या आजूबाजूच्या गावांतल्या शाळा मोजा, म्हणजे बाजार केवढा आहे ते कळेल. शाळा दरपत्रकं मागवतात. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतात, 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, तालुका, मग जिल्हा, मग विभाग. सर त्याच्या आधी महिनाभर साहित्य बघायला लागतात. तेव्हा तुमचं दरपत्रक त्यांच्या टेबलावर पाहिजे. स्पर्धा लागल्यावर पाठवलेलं दरपत्रक पुढच्या वर्षीच उघडलं जातं.

पण शाळेचा पैसा उशिरा येतो, आणि हीच आमची दुसरी बुडता बुडता वाचलेली गोष्ट. एका संस्थेनं, नाव घेत नाही, पंचाहत्तर हजारांचा माल उचलला. कबड्डीचे मॅट, व्हॉलीबॉलच्या जाळ्या, ढीगभर. पैसे चौदा महिन्यांनी आले. त्या चौदा महिन्यांत आमचे पंचाहत्तर हजार अडकले, म्हणजे नुसते पंचाहत्तर नव्हे, चार वेळा फिरले असते ते. घाऊकवाल्यानं आमची उधारी बंद केली. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, कॅरम आणि बॅडमिंटनचा हंगाम, आणि आमच्याकडं माल नाही. तेव्हापासून नियम केला, की उधारीत अडकलेली रक्कम एका महिन्याच्या खरेदीच्या वर जाऊ द्यायची नाही. कुणी कितीही मोठं असो. मोठी ऑर्डर आली तर निम्मे आधी घ्यायचे. "विश्वास नाय व्हय?" असं विचारतात. आम्ही म्हणतो, "सर, विश्वास तुमच्यावर हाय, अनुदानाच्या तारखेवर नाय."

हंगामाचं म्हणाल तर इथला कॅलेंडर खेळाचा कमी आणि उसाचा जास्त. कारखान्याचा गळीत हंगाम, बिलं जमा होण्याचे दिवस, यात्रा, गणपती, हे बघून माल भरायचा. थंडी सुरू झाली की टेनिस चेंडूच्या स्पर्धा, रात्रीच्या प्रकाशझोतातल्या, त्या थेट मे पर्यंत चालतात. त्यात चेंडूपेक्षा जास्त कमाई ट्रॉफीत आहे. हे ऐकून नवीन पोरं नाराज होतात; त्यांना बॅट विकायची असते, चषक नव्हे. पण चषक, पदकं, सन्मानचिन्हं यांना माप नसतं, मुदत नसते, नाव कोरायची मजुरी वेगळी मिळते. आणि हुपरीत तर हे काम दारात आहे. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा देतात, ते तुम्हाला माहीत आहे. गावोगावच्या मैदानांना, यात्रेतल्या कुस्त्यांना लहान चांदीची गदा, चांदीचा मुलामा दिलेली ढाल करून देणारं खेळाचं दुकान तुमच्याशिवाय कोण काढणार? घरचा कारागीर, घरचं नक्षीकाम. त्यात मात्र चांदी किती, मुलामा किती, हे बिलावर स्पष्ट लिहायचं.

कायद्याचं थोडक्यात. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीचा दाखला लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटी : 22 सप्टेंबर 2025 पासून खेळाच्या साहित्यावर पाच टक्के झाला, आधी बारा होता. व्यायामाची साधनं, जिमचं सामान यात येत नाही, त्यावर अठराच. बूट अडीच हजारांपर्यंत पाच टक्के, त्यावर अठरा. जुना माल नव्या दरानं विकायचा, हे ध्यानात ठेवा. वर्षाची मालविक्री चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. कंपोझिशनमध्ये दीड कोटीपर्यंत उलाढालीवर एक टक्का भरून मोकळं होता येतं, फक्त खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

पण हुपरीला एक मेख आहे. आपण सीमेवर आहोत. मांगूर, कारदगा, बोरगाव, निपाणी, ही गावं मराठी बोलतात, आपल्याच यात्रांना येतात, पण कर्नाटकात आहेत. तिथल्या शाळेला माल पोचवला की तो परराज्यातला पुरवठा होतो. ही चाळीस लाखांची सवलत तिथं गळून पडते, कंपोझिशनवाल्याला तर परराज्यात विकताच येत नाही. सोयरिकीच्या भरात निपाणीच्या मंडळाचं बिल फाडू नका. आधी कर सल्लागाराला विचारा.

ऑनलाइनबद्दल सगळे विचारतात. खरं आहे, पोरगा दुकानात बूट घालून बघतो आणि मोबाइलवर मागवतो. मोठ्या साखळी दुकानांशी भावात आपण भांडू शकत नाही. पण मोबाइल संध्याकाळी सहाला फाटलेली रॅकेट आठच्या मॅचपर्यंत गटिंग करून देत नाही. तो नवी बॅट लाकडी हातोड्यानं ठोकून, तेल लावून देत नाही. रविवारी सकाळी सातला चेंडू हरवला तर मोबाइल उपयोगाचा नाही. आम्ही रविवारी सहाला शटर उघडतो आणि दुपारी बंद करतो. आमच्या आठवड्याच्या विक्रीत तो अर्धा दिवस सगळ्यात जड भरतो. दुकान मैदानाच्या रस्त्यावर असलं पाहिजे. सराफी पेठेतला महागडा गाळा या धंद्याला लागत नाही.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ.

(एका तरुणानं विचारलं : घरात पाच किलो चांदी आहे. वडील मोडायला तयार आहेत. मोडून दुकान टाकू का?)

नको. आज नको. आमच्या समोर वडील बसलेत म्हणून नव्हे. पहिलं एक वर्ष दुकान टाकूच नका. या हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या जितक्या स्पर्धा आहेत, तिथं शनिवार-रविवार टेबल लावा. चेंडू, ग्रिप, हातमोजे, टेप, पाण्याच्या बाटल्या, वीस-पंचवीस हजारांचा माल. ट्रॉफीच्या ऑर्डरी घ्या, निम्मे पैसे आधी. पहाटे भरतीच्या पोरांना चार-पाच गोळे वजन करून विका. वहीत रोज लिहा, काय मागितलं आणि आपल्याकडं नव्हतं. विकलेल्या मालापेक्षा ही 'नव्हतं'ची यादी महत्त्वाची आहे, कारण तीच पुढं तुमच्या दुकानाची खरेदीची यादी होणार. मे महिन्यात वडिलांच्या समोर ती वही ठेवा. पंचवीस हजार वर्षात चार वेळा फिरले असतील, तर किती चांदी मोडायची ते तेच सांगतील. फिरले नसतील तर पाच किलो चांदी जागेवर आहे.

(एका ताईंनी विचारलं : तुम्ही मघापासून पोरं-पोरं म्हणताय. मुलींनी काय घ्यायचं असतं ते दुकानात मागायची सोय आहे का?)

ताई, बरोबर पकडलंत. आमच्या दुकानात चार वर्षं नव्हती. भरतीच्या मुली यायच्या, बूट घ्यायच्या आणि जायच्या. पळताना लागणारे आतले कपडे त्या दुसरीकडून आणायच्या किंवा नसल्यातच पळायच्या, आणि आम्हाला ते सुचलंसुद्धा नाही, कारण काउंटरवर आम्ही दोघे बाप्ये. मग भागीदाराची बायको संध्याकाळी पाच ते आठ बसायला लागली, मागच्या बाजूला पडदा लावून कपडे घालून बघायची जागा केली, आणि मुलींच्या मापाचे बूट, 3 आणि 4 नंबर, पहिल्यांदा मागवले. त्याआधी आम्ही मुलींना मुलांचे लहान बूट देत होतो, जे टाचेला सैल आणि पंज्याला घट्ट बसतात. आता संध्याकाळी पाचनंतर आमच्याकडं मुलीच जास्त असतात. तुम्ही स्वतः दुकान काढायचा विचार करत असाल तर कार्यक्रम झाल्यावर थांबा. कुठला घाऊकवाला मुलींचे सुटे नंबर देतो, त्याची यादी आम्ही सोबत आणली आहे.